पिवळ्या कागदातली तीच गोळी

आत्याच्या डब्यातली शेवटची गोळी ती आल्याच्या विसाव्या दिवशी, दुपारच्या चहाबरोबर संपली. हेडक्लार्क त्या वेळी खुर्चीत पाय वर घेऊन पेपर वाचत होते. पुढचे दोन महिने आपल्याला पेपर धड वाचायला मिळणार नाही, याची त्यांना कल्पना नव्हती.

हेडक्लार्कांना अख्खी इमारत हेडक्लार्क म्हणूनच ओळखत असे. नागरी नोंदणी कार्यालयात सव्वीस वर्षं झाली होती त्यांना. जन्म, मृत्यू आणि वास्तव्य ही तिन्ही दप्तरं त्यांच्या टेबलावरून पुढे जात. माणसाचं जगात येणं, असणं आणि जाणं या तिन्ही गोष्टी आपल्या सहीवाचून पुऱ्या होत नाहीत, ही जाणीव त्यांच्या जिना चढण्यातसुद्धा उतरली होती. फक्त आत्या त्यांना 'ढब्या' म्हणे. चार माणसांत म्हणे, जिन्यात म्हणे, आणि एकदा तर तिनं कार्यालयात फोन करून "जरा ढब्याला द्या" असं सांगितलं. तेव्हापासून हाताखालची मंडळी साहेबांपुढे फाईल ठेवताना खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात धरू लागली होती.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पंचेचाळीस वर्षं तिनं दुसऱ्या देशात काढली, त्यातली तीस एका मोठ्या इस्पितळात, शेवटी मेट्रन म्हणून. गुडघे बोलायला लागल्यावर "बघू या जमतंय का" म्हणून ती पुतण्याकडे आली. तिकडच्या वृद्धाश्रमातली आपली खोली मात्र तिनं सोडली नव्हती. राहते की परत येते ते तीन महिन्यांत कळवीन, असं तिनं त्यांना सांगितलं होतं. हे तिनं आल्या दिवशीच, बूट काढता काढता घरात सांगून टाकलं, आणि त्यानंतर तिच्यासमोर त्या विषयाचं कुणी नाव काढलं नाही.

तिनं राहावं असं हेडक्लार्कांना मनापासून वाटत होतं. आई सदा आजारी, त्यामुळे सात वर्षांचे होईपर्यंत ते आत्याच्याच कडेवर आणि बोटाला होते. पण त्यांच्या घराण्यात वाटणं आणि म्हणणं यांच्यात फार मोठं अंतर होतं. त्यांच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात बायकोचं एकदाच कौतुक केलं, आणि तेही तिच्या भावाला लिहिलेल्या पत्राच्या ताज्या कलमात.

तर गोळी. लोण्याची, चौकोनी, पिवळ्या कागदातली. आत्या दिवसाला एक खात असे, दुपारी साडेतीनला, चहाचा पहिला घोट घेऊन झाल्यावर. डबा रिकामा झालेला पाहून हेडक्लार्कांना एकदम हुरूप आला, कारण तीच गोळी, त्याच कंपनीची, त्याच पिवळ्या कागदातली, खालच्या किराणा दुकानात बरणीभर होती. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून येताना त्यांनी पावशेर आणली आणि आत्याच्या बशीत एक ठेवली.

आत्यानं कागद सोडला. गोळी तोंडात टाकली. मग ती रुमालावर काढून परत कागदात नीट गुंडाळली आणि बशीत ठेवली.

"ही ती नाही."

"आत्या, तीच कंपनी आहे. कागद बघ."

"कागद तोच आहे, ढब्या. आत दुसरीच कुणी येऊन बसलीय."

हेडक्लार्कांना हे लागलं. हा आपल्या देशाचा प्रश्न आहे असं त्यांना वाटलं, आणि देशाच्या वतीनं ते खाली जाऊन किराणावाल्याशी वाद घालून आले. किराणावाला म्हणाला, "साहेब, मी बरणी उघडतो आणि बंद करतो. आत काय आहे ते देवाला आणि कंपनीला माहीत." मग त्यांनी आणखी तीन दुकानांतून गोळ्या आणल्या. आत्यानं तिन्ही तशाच बशीत परत ठेवल्या. चौथ्या दिवशी तिनं चहाबरोबर काहीच घेतलं नाही, आणि रात्रीच्या जेवणात एकच पोळी खाल्ली.

हेडक्लार्कांच्या पत्नी पोळ्या मोजणाऱ्या बाई होत्या. आठवडाभरानं त्या म्हणाल्या, "अहो, आत्याबाई जेवत नाहीत. काल तर अर्धीच खाल्ली."

"गोळी नाही ना म्हणून."

"गोळीनं कुणाचं जेवण अडतं का?"

पण हेडक्लार्कांच्या मनानं घेतलं ते घेतलं. आदल्याच संध्याकाळी त्यांनी आत्याला फोनवर तिकडच्या भाषेत बोलताना ऐकलं होतं. भाषा त्यांना बेताचीच येई, पण "अजून ठरवलं नाही" एवढं कळायला पुरेशी होती. त्यांनी मनाशी हिशोब मांडला: गोळी आली तर आत्या जेवेल, जेवली तर रमेल, रमली तर राहील. म्हणजे कुणाला काही बोलावं लागणार नाही. सगळं काम परस्पर, गोळीमार्फत होईल.

अशा वेळी शेजारी स्वस्थ बसत नाहीत. वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर राहत. ते भिंग घेऊन आले आणि आत्याच्या डब्यातला जुना कागद व इथला नवा कागद जोडीनं टेबलावर पसरून बसले. अर्ध्या तासानं त्यांनी मान वर केली.

"तिकडे लोणी. इकडे वनस्पती तेल. तिकडे मीठ आहे, इकडे नाही. साखर तिकडे बीटाच्या कंदाची, इकडे उसाची. दुधाचं तर विचारूच नका. गाय जे खाते ते दुधात उतरतं, दूध गोळीत उतरतं. आणि इकडे ऊन जास्त, लोण्याची गोळी बरणीत वितळेल, म्हणून तेल. कंपनी एकच, पण गोळी त्या त्या देशाची."

"मग कागद एकच का?" हेडक्लार्कांनी विचारलं. वेगळ्या माणसांना एकच दाखला दिल्यासारखं त्यांना ते वाटत होतं.

"ते कंपनीला विचारा."

हे मास्तरांनी सहज म्हटलं होतं. हेडक्लार्कांनी त्याच रात्री कंपनीला पत्र लिहिलं. विषय: गोळीच्या चवीतील तफावतीबाबत. सात परिच्छेद, सोबत जोडपत्र 'अ' आणि 'ब', म्हणजे दोन्ही कागद. सातव्या परिच्छेदात "सदरहू गोळीवाचून एका वयोवृद्ध महिलेच्या आहारावर विपरीत परिणाम झाला असून" असं वाक्य होतं. ते त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. बारा दिवसांनी उत्तर आलं. आपल्या प्रेमाबद्दल आम्ही आभारी आहोत, प्रत्येक देशातल्या आवडीनुसार आम्ही चव ठेवतो, सोबत छोटीशी भेट स्वीकारावी. भेटीचं खोकं उघडलं. आत किलोभर गोळ्या, पिवळ्या कागदातल्या, इथल्याच.

हेडक्लार्क पाच मिनिटं त्या खोक्याकडे बघत राहिले. जोडपत्रंही परत आली नव्हती.

"घरीच करू," मास्तर म्हणाले. "साखर, लोणी, दूध, मीठ. घटक माहीत आहेत. बाकी सगळं तापमानाचं काम."

रविवारी सकाळी दोघं स्वयंपाकघरात शिरले. पत्नींनी आपली जाड बुडाची कढई देताना "जशी नेताय तशी परत द्या" एवढंच सांगितलं. पाक उकळायला लागला तेव्हा मास्तरांनी तापमापक मागितलं. घरात ताप मोजायचं एक होतं, आकडे दाखवणारं, आत्याच्या पेटीतलं. हेडक्लार्कांनी ते आणून पाकात बुडवलं. त्यानं एक लांब शिटी वाजवली आणि त्याची पाटी कोरी झाली.

आत्या दारात काठी टेकून उभी होती. तिनं आत येऊन कढईत वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "रुग्ण गेला."

रुग्णाच्या शोकात दोघांचं आचेकडे दुर्लक्ष झालं. पाक आधी तांबडा, मग काळपट झाला, आणि मास्तर कागदावर काहीतरी आकडेमोड करत असताना त्यानं एकदम घट्ट धरलं. उलथणं मध्यभागी सरळ उभं राहिलं. हेडक्लार्कांनी उलथणं उचललं, तर कढईही उचलली गेली. दुपारपर्यंत त्यांनी ती पाण्यात भिजत ठेवली, उलटी ठोकली, शेजाऱ्यांचे सल्ले ऐकले. संध्याकाळी पत्नींनी ती उलथण्यासकट बाल्कनीत नेऊन ठेवली आणि त्या दोन दिवस नवऱ्याशी फक्त आवश्यक तेवढंच बोलल्या. आत्या मात्र त्या रात्री दीड पोळी जेवली. हेडक्लार्कांनी त्याचं श्रेय पाकाच्या वासाला दिलं.

आता समोरच्या काकू पुढे आल्या. काकूंचे नातेवाईक जगात सगळीकडे होते. जावयाची बहीण नेमकी त्याच देशात होती.

"अडीच किलो पाठवायला सांगते," काकू म्हणाल्या. "आणि पार्सल आत्याबाईंच्याच नावानं मागवू. म्हाताऱ्या बाईचं नाव बघितलं की कुणी अडवत नाही."

पार्सल अडवलं गेलं. तीन आठवड्यांनी एक छापील पत्र आलं. आपल्या नावे आलेला माल कस्टमच्या कचेरीत रोखण्यात आला आहे, कागदपत्रांसह हजर राहावे. हेडक्लार्कांनी ते आत्याच्या नजरेला पडू दिलं नाही आणि रजा टाकली. सव्वीस वर्षांत ते खिडकीच्या पलीकडच्या बाजूला कधी उभे राहिले नव्हते. तिथून खिडकी केवढी लहान दिसते आणि आतला माणूस केवढा लांब, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं.

दीड तासानं नंबर लागला. आत चष्मा दोरीला लटकवलेल्या एक बाई होत्या.

"माल काय आहे?"

"गोळ्या."

"किती?"

"अडीच किलो."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "डॉक्टरची चिठ्ठी?"

"तशा गोळ्या नाहीत. खायच्या."

"औषधाच्या गोळ्याही खायच्याच असतात."

"गोड गोळ्या आहेत हो. चघळायच्या. आमच्या आत्यासाठी."

"अडीच किलो. एका आत्यासाठी." बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "दुकान आहे का तुमचं?"

हेडक्लार्क ताठ झाले. "मी नागरी नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क आहे."

"मग तुम्हाला माहीतच असेल," बाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात काहीही टोचणारं नव्हतं, आणि तेच जास्त टोचलं. "ज्यांचं पार्सल त्यांच्या कागदपत्रांवर पत्ता परदेशातला आहे. इथल्या पत्त्यावरचा माल इथल्या रहिवाशालाच देता येतो. वास्तव्याचा दाखला आणा."

"दाखला कुणाचा?"

"तुमच्याच कार्यालयाचा."

परतीच्या वाटेवर हेडक्लार्क चक्क हसत होते. आपल्याच विहिरीचं पाणी आपल्याला भरायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात आत्याचा अर्ज भरला. नाव, वय, पत्ता, नातं, सगळं झरझर. आणि सातव्या रकान्यापाशी पेन थांबलं.

'कायम वास्तव्याचा इरादा: आहे / नाही. लागू नसेल ते खोडावे.'

हा रकाना त्यांनी हजारो वेळा वाचला होता. त्यामागे कुणाचा तरी खराखुरा निर्णय असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. थोडा वेळ ते पेनाचं टोपण लावत-काढत बसले, मग तो रकाना तसाच सोडून त्यांनी अर्ज हाताखालच्या क्लार्क मुलीच्या टेबलावर ठेवला. ही मुलगी त्यांनीच सहा वर्षांपूर्वी कामाला लावून घडवली होती. तिनं अर्ज वाचला आणि उठून परत आणून दिला.

"साहेब, रकाना सात रिकामा आहे."

"असू दे. घरचंच आहे."

"रिकामा रकाना म्हणजे उघडं दार, साहेब. तुम्हीच शिकवलंय. मागच्या महिन्यात त्या आजोबांना तुम्ही याच्यावरून तीनदा परत पाठवलं."

हेडक्लार्कांना ते आजोबा आठवले. त्यांच्या हातात छत्री होती आणि तिसऱ्या वेळी त्यांनी काही न बोलता नुसता नमस्कार केला होता. हेडक्लार्कांनी अर्ज खिशात घातला.

त्या दिवशी संध्याकाळी आत्या बाल्कनीत बसली होती. समोर ती कढई, उलथणं अजून तसंच उभं. हेडक्लार्कांनी खुर्ची ओढली, तीनदा घसा साफ केला आणि अर्ज तिच्या मांडीवर ठेवला.

"यावर एक सही हवी होती. आणि तो सातवा रकाना. म्हणजे औपचारिकताच आहे तशी. त्याशिवाय पार्सल सुटत नाही."

"कसलं पार्सल?"

मग त्यांना सगळंच सांगावं लागलं. कंपनीचं पत्र, काकूंच्या जावयाची बहीण, खिडकीतल्या बाई. आत्यानं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. रुग्णाची तक्रार पूर्ण ऐकून घ्यायची सवय होती तिची. शेवटी तिनं चष्मा पुसला आणि सातवा रकाना वाचला.

"गोळीसाठी मी इथं खोटं लिहायचं?"

"खोटं असं नव्हे."

"मग खरं काय आहे?"

"ते तूच ठरवायचं ना."

"मला तीन महिने होत आले येऊन," आत्या म्हणाली. "नव्वद दिवसांना सात कमी आहेत. या घरात मला उशी हवी का विचारलं, पंखा हवा का विचारलं, गोळीसाठी तर तू गावभर फिरलास. राहतेस का, असं एकदाही कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, यांची पंचाईत होत असेल. खोली लहान आहे. बोलायला जड जात असेल यांना."

हेडक्लार्क म्हणाले, "आम्हाला वाटलं, विचारलं तर तुला भीड पडेल."

"आणि म्हणून पोळी जात नव्हती मला, ढब्या. गोळीचं काय एवढं."

हेडक्लार्क बोलू लागले. "तरी आपण येथे कायमस्वरूपी..."

"घरच्या भाषेत बोल."

बावन्न वर्षांच्या, तीन दप्तरं सांभाळणाऱ्या माणसाच्या कपाळाला ते दोन शब्द जुळवताना घाम फुटला.

"राहा, आत्या."

स्वयंपाकघराच्या दारातून पत्नींचा आवाज आला. "मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय यांना, विचारा म्हणून. आत्याबाई, राहा. ती कढई तेवढी तुम्ही सोडवून द्या, या दोघांना जमणार नाही."

आत्यानं अर्जाची घडी केली. "विचार करून सांगते," म्हणाली, आणि अर्ज उशीखाली ठेवला. तो तिथं दोन दिवस राहिला. अर्ज प्रलंबित ठेवणं म्हणजे काय असतं, हे हेडक्लार्कांनी त्या दोन दिवसांत सोसलं. कार्यालयात त्यांनी आपल्या टेबलाच्या खणातली एक जुनी फाईल काढली, छत्रीवाल्या आजोबांचा पत्ता शोधला आणि त्यांचा दाखला टपालानं रवाना केला. सातव्या रकान्याची खात्री त्यांनी स्वतः फोन करून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्ज त्यांच्या चहाच्या कपाशेजारी होता. 'नाही' या शब्दावर दोन सरळ रेघा होत्या, मेट्रनच्या हाताच्या. कढई घासून ओट्यावर पालथी घातलेली होती. ती कशी सोडवली ते आत्यानं सांगितलं नाही.

पार्सल त्याच आठवड्यात सुटलं. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारताना "आत्यांना नमस्कार सांगा" असं म्हटल्यामुळे हेडक्लार्क परतताना त्यांच्याविषयी चांगलं बोलत आले. मात्र गोदामातल्या उकाड्यात अडीच किलो गोळ्यांचा मिळून एकच पिवळा ठोकळा झाला होता. मास्तरांनी तो हातोडीनं फोडला. काकू आल्या, किराणावाला व्यावसायिक कुतूहलापोटी वर आला. सगळ्यांनी एकेक तुकडा कागदातून सोडवून तोंडात टाकला.

सगळे एकमेकांकडे बघत चघळू लागले.

"मीठ आहे," शेवटी मास्तर म्हणाले. शास्त्रज्ञाला खोटं बोलता येत नव्हतं.

"वेगळी आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी रुमाल तोंडाशी नेला. किराणावाला म्हणाला, "ही माझ्याकडे एक विकली जायची नाही." हेडक्लार्कांना तर खारवलेला साबण चघळल्यासारखं वाटत होतं. यासाठी आपण रजा टाकली, या विचारानं त्यांनी तो तसाच गिळला.

आत्या मात्र डोळे मिटून चघळत होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"तीच," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल. तसं काही नाही झालं. चांगली आहे." तिनं कंपनीनं भेट दिलेलं खोकं मागवलं, त्यातली एक इथली गोळी सोडली आणि तीही तोंडात टाकली. या खेपेला ती रुमालावर परत आली नाही.

"ही वाईट नाही," ती म्हणाली. "मी हिला ती समजून खात होते ना, म्हणून थुंकत होते. हिचं हिचं काहीतरी आहे. दुधाचं, थोडं वेलदोड्याच्या टरफलासारखं. आता तुम्ही सगळे हसा, पण कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की ही दुसरी आहे म्हणून."

"मी सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "भिंग घेऊन."

आत्या हसली. ती आल्यापासून इतकी मोठ्यानं हसली नव्हती. किराणावाल्यानं ती संधी साधून विचारलं की बरणीतल्या गोळ्या आता रोज चार-पाच पाठवू का, आणि आत्यानं त्याला दुकानातली तारखा उलटून गेलेली बिस्किटं कधी फेकणार ते उलट विचारलं.

संध्याकाळी तिनं फोन लावला. हेडक्लार्क पेपर वाचण्याचं निमित्त करून बसले होते, पण कान तिकडेच होते. खोली दुसऱ्या कुणाला द्या, एवढं त्यांना कळलं. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही," आत्या म्हणाली, "तिथल्यासारखं नाही. वेगळं आहे. हो, जेवते. पुतण्या आहे. हो, तोच, ढब्या."

पलीकडची मंडळीही आपल्याला ढब्या म्हणूनच ओळखतात, हे हेडक्लार्कांनी एका दमात पचवलं. ते उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर परातीत त्या खाऱ्या गोळ्यांचे तुकडे पडले होते, सव्वादोन किलो तरी. आत्या दिवसाला एकच खाणार, आणि इमारतीतलं कुणी दुसऱ्यांदा हात लावणार नाही, हे उघड होतं. त्यांनी एक तुकडा उचलून पाहिला. मग आणखी एक. पत्नींनी पोळी लाटता लाटता विचारलं, "काय करताय तिथं?"

"काही नाही," हेडक्लार्क भरल्या तोंडानं म्हणाले. चौथा तुकडा पहिल्यापेक्षा बराच बरा लागत होता.